लवंगांवरचं नवरात्र

साळूबाईनं या वर्षीचं नवरात्र लवंगांवर धरायचं जाहीर केलं, तेव्हा घरातल्या कुणाची 'नको' म्हणायची टाप झाली नाही. सकाळी दोन लवंगा, सांजच्या आरतीनंतर दोन लवंगा, मधे घोटभर पाणी. भगर नाही, शेंगदाण्याची आमटी नाही, रताळं नाही, केळंसुद्धा नाही.

एरवी भांडगावच्या त्या वस्तीवर उपास म्हणजे एकादशी आणि दुप्पट खाशी. बाया साबुदाण्याची पातेली रिकामी करायच्या आणि वर 'लई कडक उपास हाय' म्हणून सुस्कारे टाकायच्या. साळूबाई त्यातलीच होती. पण गेल्या वर्षी पावसाळ्यात तिची धाकटी लेक करुणा गेली आणि दुखवट्यात घरात घटच बसला नाही. देवी उपाशी राहिली, आता मागचं-पुढचं सगळं फेडायचं, असं साळूबाईच्या मनानं घेतलं होतं.

अडचण एकच होती. साळूबाईला शुगर होती आणि रोज सकाळी नाष्ट्याच्या आधी एक गोळी होती. गोळ्यांचं काम सुनेकडं, सुलक्षणाकडं असायचं, कारण पाकिटावरची बारीक अक्षरं घरात तिलाच वाचता यायची. तिचा नवरा विक्रम रांजणगावच्या कारखान्यात कामाला, शिरूरला खोली करून राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा.

"आत्या, डॉक्टरला इचारू का? म्हंजी, उपास हाय म्हनून," सुलक्षणा सासूला म्हणाली.

"काय इचारू नगंस," ओट्यावरून सासरा भिमाजी बोलला. "इचारलं की तो उपासच मोडाया लावंल. गेल्या खेपंला काय म्हनला? गोळी एक दिस बी चुकवायची न्हाई. मंग न्हाई चुकवायची."

"पर गोळीनं उपास मोडतो का काय?" साळूबाईला तीच काळजी.

"औषध चालतंय उपासाला."

उपासाला काय चालतं आणि काय चालत नाही, या कोर्टात आपल्याकडं घरचा पुरुष जज्ज असतो आणि त्याला स्वतःला उपास नसतो. त्यामुळं निकाल झटपट लागला. परडीत काळी माती आणि धान्य पेरून घट बसला, नागवेलीच्या पानांवर नारळ आला, बाजूला अखंड दिवा लागला आणि साळूबाई त्याच्यापुढं घोंगडीवर बसली. गोळी नाष्ट्याच्या आधी घ्यायची होती, ती नाष्ट्याच्या आधीच घेतली जाऊ लागली. फक्त नाष्टा नव्हता.

वस्तीच्या वरच्या अंगाला भिमाजीचं शेततळं आहे. आत काळा प्लास्टिकचा कागद पसरलेला. त्या कागदावर शेवाळ धरलं की मांजरसुद्धा उभं राहू शकत नाही. पोहता येणारं माणूसही आत गेलं तर काठ चढू शकत नाही, नखांना काही सापडतच नाही. करुणा तिथं गेली. तिला पुण्याला नर्सिंगला जायचं होतं, आणि भिमाजीनं वढू बुद्रुकच्या पाहुण्यांना सुपारी फोडायचा शब्द देऊन टाकला होता. त्या सकाळी बापलेकीचं वाजलं. "मला तोंड दावू नगंस," असं भिमाजी तिला म्हणाला. दुपारी ती मोटार चालू करते म्हणून तळ्याकडं गेली.

पाय घसरून मृत्यू, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं आणि गावानंही तेच मानलं. पण काठावर तिच्या चपला होत्या, शेजारी शेजारी, जोडीनं. घसरणाऱ्याच्या चपला अशा राहतात का, हे भिमाजीनं आजवर कुणाला विचारलं नव्हतं. तो प्रश्न त्याला आतून खात होता. पोरगी घसरली असेल तर तो एका मेलेल्या पोरीचा बाप होता, आणि उडी मारली असेल तर तिला मारणारा. पुढं त्यानं तळ्याला तारेचं कुंपण केलं, चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडले. वरातीमागून घोडं. पाणी मात्र त्याच तळ्याचं कांद्याला जात होतं, कारण दुसरं पाणी नव्हतं.

पहिल्या माळा बऱ्या गेल्या. तिसऱ्या माळेच्या दिवशी कांद्याची लागण चालू होती. आश्विनातलं ऊन असं पडलं होतं की वाफ्यातलं पाणी बोटांना कढत लागत होतं. सुलक्षणा, मेहरुन आणि आणखी दोन-तीन बाया वाकून रोपं टोचत होत्या. मेहरुन म्हणजे खालच्या वस्तीवरच्या वजीर टेम्पोवाल्याची बायको, साळूबाईच्या बरोबरीनं याच रानात राबलेली. वरून तळ्याचा सुटलेला कागद वाऱ्यानं फडफडत होता. कुणीतरी ओला हात जमिनीवर आपटावा तसा आवाज यायचा, थांबायचा आणि पुन्हा यायचा. बाया तिकडं बघत नव्हत्या.

ऊन उतरल्यावर सुलक्षणा घरी आली तर आरतीला आलेल्या बाया दारातच थबकलेल्या. साळूबाई घटापुढं डोलत होती. पोलक्याची पाठ घामानं चिंब, हात थरथरताहेत, ओठ हलताहेत, डोळे उघडे पण कशावरच नाहीत.

शेजारची अनुपमा ओरडली, "आली! आई आली अंगात! उदं गं आई, उदं!"

मग काय विचारता. कुणी मळवट भरला, कुणी पायावर डोकं ठेवलं. अनुपमा सगळ्यांत पुढं सरकली. "आई, आमच्या बोरला पानी लागंल का?" साक्षात देवी घरात आलेली असताना बाई बोअरचं विचारते, असं कुणी हसेल; पण ज्याच्या बोअरला फुफाटा लागलाय त्यानं दुसरं काय विचारावं?

साळूबाईनं अनुपमाकडं पाहिलंच नाही. आरतीचं ताट धरून भिमाजी उभा होता, त्याच्याकडं मान वळवून ती म्हणाली, "आबा, कागद लई निसरडा हाय."

आवाज साळूबाईचाच होता, पण बोलायची ढब पोरीची होती. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याला 'आबा' म्हटलं नव्हतं. करुणा म्हणायची. भिमाजीच्या हातातलं ताट कललं आणि कापराची वडी जळत जमिनीवर पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

"हात द्या की आबा," साळूबाई म्हणाली आणि हात पुढं केला.

बाया मागच्या मागं सरकल्या. भिमाजी तसाच उभा, दगडासारखा. शेवटी सुलक्षणालाच राहवलं नाही. देवीपुढं नैवेद्याचं साखर घातलेलं दूध होतं, ते तिनं सासूच्या ओठाला लावलं. प्रसादानं उपास मोडत नाही, एवढं तिलाही माहीत होतं. साळूबाई घटाघटा दूध प्यायली. थोड्या वेळानं तिची थरथर थांबली, डोळे ठिकाणावर आले. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "काय झालं? तुमी समद्या अशा का बगताय?"

तिला काही आठवत नव्हतं. सुलक्षणानं तिला आडवं केलं आणि पाय पुसायला घेतले. तळपाय पांढरेफटक आणि सुरकुतलेले होते, फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तसे. घामानं झालं असेल, असं सुलक्षणानं स्वतःला सांगितलं आणि फडकं भराभर फिरवलं.

दुसऱ्या दिवशी ती गोळी काढायला गेली तर फळीवर पाकीट नव्हतं.

"मी दिली," भिमाजी म्हणाला. जन्मात त्यानं बायकोला पाण्याचा तांब्या उचलून दिला नव्हता.

"मामा, मला वाटतं आज गोळी नगं हुती द्यायला. पोटात काय न्हाई आन् गोळी..."

"डॉक्टर म्हनलाय, चुकवायची न्हाई."

म्हणजे कालपर्यंत ज्याला विचारायचंही नव्हतं, तो डॉक्टर आज देवापेक्षा मोठा झाला होता.  त्या दिवशी भिमाजी दारं धरायला, वाफ्यांत पाणी वळवायला, गेलाच नाही. कांद्याचं पाणी वाफा फोडून बांधावरून वाहत राहिलं, आणि ज्यानं असल्या पाण्यावरून भावकीशी हाणामाऱ्या केल्या तो माणूस घटापुढं भिंतीला टेकून बसला. आरतीच्या बायांना त्यानं दारातूनच लावून दिलं. "आज आई कुनाला भेटनार न्हाई," म्हणाला आणि दाराला आतून कडी घातली.

सुलक्षणा मागच्या खिडकीपाशी आली. आत दिव्याचा पिवळा उजेड होता. साळूबाई डोलत होती आणि भिमाजी तिच्यापुढं गुडघ्यांवर बसला होता. त्याचा आवाज सुलक्षणानं असा कधी ऐकला नव्हता. तो लाडीगोडी लावत होता.

"करुना, माजे बाय. मला एवडंच सांग. तू घसरलीस, का... तुझा पाय घसरला ना?"

साळूबाई हसली. बारीक, नाकातल्या नाकात. "आबा, पानी कोमट हाय," ती म्हणाली. "वरनं कोमट, खाली गार."

 सुलक्षणानं पुढच्या दाराला येऊन धडका मारल्या. भिमाजीनं कडी काढली तशी ती आत घुसली आणि दुधाची वाटी उचलली. भिमाजीनं तिचं मनगट धरलं. सुनेला हात लावायचा नसतो, हेही तो विसरला होता.

"थांब. ते प्यायली की ती जाती."

"मामा, आत्यांना बगा! कशा झाल्यात त्या!"

"बोलतीया अजून. थांब म्हनलं ना!"

वाटी त्या झोंबाझोंबीत निम्मी सांडली. उरलेली सुलक्षणानं पाजली. साळूबाई शुद्धीवर आली आणि भिमाजी भिंतीकडं तोंड करून बसला. त्याच्या लेखी सुनेनं त्याच्या लेकीला घराबाहेर काढलं होतं.

सुलक्षणानं विक्रमला फोन लावला. तो मशिनवर होता, मागं खडखडाट चाललेला. "आईच्या नवरात्रात तू काय मोडता घालू नगंस," तो म्हणाला. "दसऱ्याला मी येतोय. दमानं घे." दमानं घ्यायला लांब बसलेल्या माणसाचं काय जातं? सुलक्षणाला रडू आलं, संतापानं आलं.

रानात तिनं मेहरुनपुढं मन मोकळं केलं. मेहरुननं हातातली रोपांची जुडी खाली ठेवली.

"घाम येतो? हात कापत्यात? भलतंच बोलती?"

"व्हय."

"अगं, शुगर उतरतीया तिची. मला न्हाई का शुगर? रमजानच्या आदीच डॉक्टरकडं जाऊन बसते मी. सकाळची गोळी तो रोजा सोडायच्या टायमाला नेतो आन् रातची निम्मी करून सहरीला, पहाटंच्या खान्याला देतो. आन् बजावून सांगतो, चाची, घाम सुटला, हात कापाय लागले, की रोजा तितंच सोडायचा. त्यात गुन्हा न्हाई, अल्लानंच सूट दिलीया आजाऱ्याला."

"आमच्याकडं इचारलंच न्हाई कुनी."

"एका साली मी बी ऐकलं नव्हतं. म्हनलं, अजानला आता कितीसा येळ ऱ्हायलाय. तर माजी सासू दिसली मला, चुलीपाशी बसून भाकर थापताना. तिला जाऊन लई वर्सं झालती."

"मंग?"

"मंग सैफनं, माज्या लेकानं, तोंडात खजूर कोंबला. आन् ती गेली." मेहरुन वाफ्यातल्या पाण्याकडं बघत राहिली. "खरं सांगू का सुलक्षणा? गेली तवा मला वाईट वाटलं."

त्या संध्याकाळी सुलक्षणानं भिमाजीच्या बंडीतून पाकीट काढलं आणि कांद्याच्या बियाण्याच्या डब्यात खाली दडवलं. दुसरा दिवस सुना गेला. साळूबाई थकलेली होती, पण शुद्धीत होती. ओठ कोरडे, आवाज खोल गेलेला, तरी आरतीला टाळ्या वाजवत होती. बाया जरा हिरमुसूनच परत गेल्या.

भिमाजी उंबऱ्यात बसून होता. आरती झाल्यावर तो बायकोला म्हणाला, "आज का आली न्हाई?"

साळूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिला काही आठवत नाही, असं ती रोज सांगायची. पण आता तिनं 'कोण?' असं विचारलं नाही. "मला बी वाटलं हुतं, यील," एवढंच ती म्हणाली आणि दिव्यात तेल घालू लागली.

सुलक्षणाला ते ऐकून आधी काही उमगलं नाही. मग लक्षात आलं, सासूही लेकीचीच वाट बघत होती. सासरा एकटाच त्या वाटेला लागला असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. सासूशी कसं भांडायचं? ज्या बाईनं लेकीला भिजलेल्या कपड्यांत मांडीवर घेतलं होतं, तिला कोणत्या तोंडानं सांगायचं, की तुम्हाला दिसते ती तुमची लेक नाही, ती उतरलेली शुगर आहे?

आठव्या माळेला होमाची तयारी होती. घरात समिधा, तूप, कोहळा येऊन पडला होता. भिमाजी सकाळीच गाडीला किक मारून चौफुल्याला जाऊन आला, होमाचं सामान राहिलंय म्हणून. सुलक्षणाला त्यात वावगं वाटलं नाही. पाकीट बियाण्याच्या डब्यात सुरक्षित होतं, ते तिनं चाचपून पाहिलं होतं. शेतीची लाईट दिवसाची होती, वाफे भिजवायचे राहिले होते. ती रानात गेली.

दुपार कलली. वारा पडला. इतके दिवस फडफडणारा तळ्याचा कागद एकदम गप्प झाला, आणि त्या शांततेनंच सुलक्षणानं मान वर केली. पाणी पडणाऱ्या पाइपाचा आवाजही थांबला होता. मोटार बंद पडली की लाईट गेली, ते बघायला ती वर गेली. कुंपणाच्या आत काळं पाणी सपाट पडलं होतं. खाली घराकडून कुणाचा तरी आवाज वर येत होता. शब्द कळत नव्हते, पण तेच तेच विचारलं जात होतं, हे लांबूनही कळत होतं.

सुलक्षणा धावत सुटली. तिची एक चप्पल वाफ्यात रुतली, ती तिथंच राहिली. पळता पळता तिनं खालच्या वाफ्यातल्या मेहरुनला हाक मारली, "चाची, टेम्पो! वजीरचाचांना सांगा, टेम्पो काढा!"

कडी नव्हती. त्या दिवशी भिमाजीला कडी घालायचंही भान राहिलं नव्हतं. साळूबाई घोंगडीवर आडवी पडली होती. मळवट घामानं ओघळून कानापर्यंत आला होता. डोळे अर्धे उघडे, दातखीळ बसलेली आणि घशातून घरघर. शेजारी नवं पाकीट पडलं होतं, त्यातली दोन घरं फोडलेली.

भिमाजी तिच्या तोंडाशी कान लावून बसला होता. नैवेद्याची वाटी त्यानं पाठीमागं सरकवून ठेवली होती.

"मामा, सरा बाजूला!"

"तिनं अजून सांगितलं न्हाई."

"आत्या मरत्यात, मामा!"

"सांगंल. आज सांगंल. सकाळधरनं दोनदा आबा म्हनली." त्याच्या तोंडाला फेस आला होता, हा माणूस बायकोइतकाच उपाशी आहे हे सुलक्षणाला त्या वेळी दिसलं. त्यानं दोन्ही हातांनी साळूबाईचे खांदे धरले होते आणि ते सुटण्यातले नव्हते. पिळदार, उसाच्या मोळ्या उचललेले हात. सुलक्षणानं ओढून पाहिलं, ते हललेसुद्धा नाहीत.

"करुना, घसरलीस ना? बाळा, घसरलीस ना गं?"

सुलक्षणा त्याच्यासमोर खाली बसली. आपण काय करतोय हे तिला नीट कळत होतं, आणि देवीसमोर हे करतोय याची भीतीही वाटत होती. तिनं डोक्यावरचा पदर मागं टाकला. सासऱ्यापुढं तिनं कधीच असं केलं नव्हतं.

"आबा," ती म्हणाली.

भिमाजीनं मान वर केली.

"आबा, मी पाय धुवाया उतरले. वाफ्यातनं आलते, पाय चिखलानं भरलेले. म्हनून चपला काडून ठिवल्या वर. कागदावर शेवाळ हुतं, पाय सटाकला."

"सटाकला?"

"व्हय आबा. मी तुमाला हाका मारल्या. तुमी लांब हुता. तुमाला आयकू आलं न्हाई, तुमचा काय दोस न्हाई. आता आईला सोडा. आईला भूक लागलीया."

भिमाजीचे हात सुटले. त्यानं तोंड वासलं आणि त्यातून जो आवाज निघाला तो ऐकून दारात आलेली मेहरुन उंबऱ्याबाहेरच थांबली. वर्षभर त्यानं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता तो जमिनीला कपाळ लावून गुरासारखा हंबरत होता.

सुलक्षणा त्याच्यासाठी थांबली नाही. दूध ओतायला गेली तर मेहरुन ओरडली, "ओतू नगंस, शुद्धीत न्हाई ती, छातीत जाईल! गोड चोळ आतनं, गालाला!" फडताळात गुऱ्हाळावरून आणलेली काकवी होती. सुलक्षणानं सासूला कुशीवर वळवलं, बोट काकवीत बुडवलं आणि दातांच्या बाहेरून गालाच्या आत चोळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. मांडीवर, घोंगडीवर, घटाच्या मातीवर काकवीचे ओघळ गेले. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. वजीर आणि भिमाजीनं मिळून तिला उचललं, आणि होमाच्या समिधा तशाच पडून राहिल्या.

यवतच्या दवाखान्यात तिला सलाईन लावलं. डॉक्टरनं द्यायच्या तेवढ्या शिव्या देऊन घेतल्या. गोळी चालू ठेवायची आणि जेवण बंद, हे कुणाच्या डोक्यातून निघालं, असं त्यानं विचारलं. भिमाजीनं मान खाली घातली. "माज्या," म्हणाला. पुढच्या वेळी उपास धरायचा असेल तर आधी मला येऊन भेटायचं, मी काही खाऊन टाकत नाही, असं डॉक्टर म्हणाला. आणि गोळी मी सांगेपर्यंत बंद.

सकाळ झाली. रात्रभर सुलक्षणा आणि भिमाजी बाहेरच्या बाकावर होते. वजीर टेम्पोतच झोपला. मेहरुननं घरून दोन डबे आणले, चपात्या आणि दोडक्याची भाजी. तिनं एक आधी सुलक्षणाला दिला आणि मग जरा घुटमळून दुसरा भिमाजीपुढं धरला. भिमाजीनं आजवर तिच्या घरचं पाणीही घेतलं नव्हतं. त्यानं डबा घेतला, दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि खाऊ लागला. मोठमोठे घास, मान वर न करता. सुलक्षणा खिडकीतून बघत राहिली. खोटं बोलल्याचा पस्तावा तिला होत नव्हता. फक्त त्या खोट्यातले शब्द तिला कुठून सुचले, हे तिला आठवत नव्हतं. चिखलानं भरलेले पाय, मारलेल्या हाका. हे तिनं आधी कधी मनात आणलं नव्हतं.

मागून साळूबाईचा आवाज आला. "तू बोललीस न्हवं काल?"

सुलक्षणा वळली. साळूबाईचे डोळे स्वच्छ होते. ओठांच्या कडेला अजून काकवी वाळून काळी पडली होती.

"तुमाला... आयकू येत हुतं, आत्या?"

"समदं. हात उचलत नव्हता, पर आयकू येत हुतं. दुसरी गोळी मीच मागून घेतली. त्येंच्यावर राग धरू नगंस."

"आत्या, का पर?"

"एका गोळीनं ती लांबनंच बोलती. म्हनलं, आज जवळ यील."

बाहेर एसटी गेली, खिडकीची काच थरथरली. सुलक्षणा खाटेच्या कडेला बसली. विचारल्यावाचून तिला राहवेना.

"आली?"

"आली की. माज्या उशाशी बसली हुती, तू बोलत हुतीस तवा. भिजल्याली न्हवती. केस विंचरल्याले." साळूबाईनं सलाईन नसलेला हात सुनेच्या हातावर ठेवला. तो ऊबदार होता. "तुज्याकडं बगून हसली. म्हनली, आय, वैनी खोटं बोलतीया."

सुलक्षणाचा हात आखडला. साळूबाईनं तो सोडला नाही.

"मी म्हनलं, मंग तू सांग की खरं काय ते. तर म्हनली, नगं. बोलू दे तिला. आबा लई दिसाचा जेवला न्हाई."

 सुलक्षणानं आपल्या डब्यातली चपाती कुस्करली, भाजीच्या रश्शात मऊ केली आणि घास सासूच्या तोंडापुढं धरला. नवरात्राची एक माळ अजून बाकी होती. साळूबाईनं त्या घासाकडं बराच वेळ पाहिलं, आणि मग तोंड उघडलं.